मी लीगची वकील, आणि मला समोर युनियन हवीय

मे संपत आला की आमच्याकडे आई पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मागे लागते, सुकी सुंगटां (कोळंबी), आमसुलं, मिरच्या, डबे उन्हात, आणि त्याच सुमाराला माझ्या मेलबॉक्समध्ये कॉन्ट्रॅक्टं पडायला लागतात. बाकीच्या वकिलांना तेव्हा हायकोर्टाची सुट्टी असते, ते फॅमिलीला घेऊन मनाली-बिनालीला जातात, पण फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलायची ठरलेली मुदत, नेमकी पावसात उघडते त्यामुळे माझा सीझन तेव्हाच सुरू.

मी लेबर लॉयर आहे, पणजीत बसते, आणि बरीच वर्षं एका प्रोफेशनल लीगचं काम बघते. कुठली लीग ते लिहिणार नाही, रिटेनरच्या कागदात कॉन्फिडेन्शियलिटीचा क्लॉज आहे आणि तो मीच ड्राफ्ट केलाय, त्यातली पळवाट मला माहितीय पण वापरणार नाही. मॅनेजमेंटच्या बाजूची वकील म्हणजे आमच्या धंद्यात जरा खालच्या नजरेने बघतात. मी ज्या सिनिअरकडे शिकले ते आयुष्यभर कामगारांच्या बाजूने लढले, बंदरातले, खाणीतले, फार्मा कंपनीतले, त्यांना मी लीगचं काम घेतलं ते सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बरंय, निदान समोर कोण आहे ते नीट बघून घे." हे वाक्य मला बऱ्याच उशिरा कळलं. समोर कोण नाहीच आहे!

लोकांना वाटतं लीगची वकील म्हणजे स्टार प्लेअरबरोबर सेल्फी. अहो माझं अर्धं काम तर मैदानाबाहेरच्या माणसांचं असतं. सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, मैदानावर काम करणारी पोरं, सगळी कॉन्ट्रॅक्टरमार्फत, त्यांचं किमान वेतन भरलं का, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन कुठाय, कॉन्ट्रॅक्टर पळाला तर पैसे कोण देणार. आणि इथे एक गंमत आहे. मैदानावर रोलर फिरवणारा माणूस कामगार आहे यावर कोणी वाद घालत नाही. त्याच मैदानावर नव्वद मिनिटं धावून गुडघा फोडून घेणारा पोरगा कामगार आहे की नाही यावर मात्र मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकते.

आता एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एका क्लबच्या ऑफिसात नवीन पोराचं सायनिंग होतं आणि लीगने नवा स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्ट आणला होता म्हणून मी समजावून सांगायला गेले होते. पोरगा जेमतेम एकोणीसचा, बरोबर वडील, टॅक्सी चालवणारे, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. कागदाच्या प्रत्येक पानावर सही पाहिजे, आणि या वयाच्या पोरांना सही करायची सवयच नसते, सगळं आयुष्य ओटीपीवर. पहिल्या पानावर पूर्ण नाव, मग आडनाव गळलं, आणि शेवटी शेवटी नुसतीच एक रेघ. क्लबचा मॅनेजर म्हणे चालतंय. मी म्हटलं चालत नाही, उद्या वाद झाला तर ही सही माझी नाहीच असं हाच सांगेल आणि मी समोर असले तर मीही तेच सांगेन. परत सगळी पानं काढली. पोरगा हसत होता, मॅनेजर वैतागला.

तोवर वडील गप्प. पगाराचा आकडा ऐकला, गोल बोनस ऐकला, इमेज राईट्स म्हणजे फोटो वापरायचा हक्क ते पण ऐकलं, आणि मग विचारलं, "तें सगळें बरें, पूण पीएफ कापतात काय ना?"

खोलीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही कारण त्या अख्ख्या दुपारी तेवढा एकच कायद्याचा प्रश्न विचारला गेला होता. त्या माणसाने आयुष्यभर बघितलेली चांगली नोकरी म्हणजे पीएफ कापला जाणारी नोकरी, गोवा पोलिसात फुटबॉलच्या जोरावर लागलेली पोरं त्यांनी बघितलीत, खेळून झालं तरी नोकरी राहते, पेन्शन नाही तर नाही पण काहीतरी राहतं. मी त्यांना सांगितलं की सुरुवातीचा पगार महिना १५,००० च्या वर असला तर पीएफ सक्तीचा नसतो, देणं न देणं क्लबच्या मर्जीवर. त्यावर ते म्हणाले म्हणजे जास्त पगार तर पीएफ नाही? हो. कायदा असाच आहे. मग मी त्यांना म्हटलं की मी लीगची वकील, तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा सही करायच्या आधी, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या काकूने नवरीला पळून जा म्हणावं.

तर, कामगार की नाही. जुना इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्ट १९४७ चा, त्यात वर्कमन म्हणजे मॅन्युअल, स्किल्ड, अनस्किल्ड, टेक्निकल, ऑपरेशनल, क्लेरिकल किंवा सुपरवायझरी काम करणारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये आता वर्कर शब्द आहे पण यादी जवळपास तीच. पत्रकार नाव घेऊन आत, सेल्स प्रमोशनवाले नाव घेऊन आत, खेळाडूचं नाव कुठेच नाही. आत आहे असं नाही, बाहेर आहे असंही नाही. माझ्यासारखीला क्लबने विचारलं की मी कुठली केस काढणार? सुंदरांबळ. १९८८, सुप्रीम कोर्ट, आणि केस कुठली तर आपल्या करंझाळ्याच्या शाळेतल्या शिक्षिकेची, गोवा दमण दीव सरकारविरुद्ध. कोर्ट म्हणालं शाळा इंडस्ट्री असली तरी शिक्षक वर्कमन नाही, शिकवणं हे त्या यादीतल्या कुठल्याच कामात बसत नाही. त्याच धर्तीवर मी म्हणणार की खेळणं ही कला आहे, प्रतिभा आहे, त्याला मजुरी कशी म्हणता मायलॉर्ड. म्हणायला छान वाटतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला पटत नाही, सकाळी सहाला रिपोर्टिंग, काय खायचं ते क्लब ठरवणार, कुठे राहायचं ते क्लब ठरवणार, वजन वाढलं तर दंड, हे सगळं सोसणारा माणूस कलाकार असेल तर मग आमचा बंदरातला क्रेन ऑपरेटर पण कलाकारच. २०२० ते २०२२ आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, दोन्ही सीझन अख्खे गोव्यात झाले ना, फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान, जवळजवळ सगळे सामने प्रेक्षकांशिवाय, खेळाडू महिनोन्महिने हॉटेलात कोंडलेले. त्यांचा कामाचा तास कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा ते मला कोणीतरी सांगा.

कामगार असण्या नसण्याने काय फरक पडतो ते २०२५ ने दाखवलं. देशातल्या फुटबॉलचं फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार त्या वर्षीच्या डिसेंबरात संपत होता, नूतनीकरण अडकलं, सुप्रीम कोर्टात फेडरेशनच्या घटनेची केस चालू, आणि जुलैत कंपनीने सांगितलं सीझन होल्डवर. झालं. काही क्लबांनी ट्रेनिंग थांबवलं, बेंगळुरू एफसीने तर पगारच थांबवतोय म्हणून जाहीर केलं. गोव्यातल्या माणसाला हे दृश्य नवीन नाही, २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१८ ला परत झाल्या, डिचोली-सांग्याकडची घरंच्या घरं बसली. पण खाण कामगाराला निदान कायद्यात लेऑफ होता, काम नसलं तरी अर्धा पगार, पन्नास किंवा जास्त माणसं असतील आणि वर्षभर नोकरी झाली असेल तर. तो चॅप्टर कोणाला लागू तर कारखाना, खाण आणि मळा. फुटबॉल क्लब यातलं काहीच नाही. म्हणजे समजा मी कोर्टात हरले आणि पोरगा वर्कमन ठरला तरी लेऑफचे पैसे त्याला मिळत नव्हतेच.

मग त्याच्याकडे राहिलं काय, तर फिफाचा नियम. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, तरी पैसे आले नाहीत तर कॉन्ट्रॅक्ट तोडून मोकळा, वर नुकसानभरपाई. २०१८ पासून आहे हे, कलम १४ बिस. चांगला नियम आहे, मी क्लबांना घाबरवायला नेहमी वापरते. पण सुटून जाणार कुठे? लीगच बंद असताना फ्री एजंट, म्हणजे कुठल्याच क्लबला न बांधलेला, होऊन करणार काय. शेवटी खेळाडूंनी काय केलं, सोशल मीडियावर निवेदनं टाकली, व्हिडिओ काढला, छेत्री, गुरप्रीत, झिंगन, देशातले सगळ्यात मोठे खेळाडू, फिफाला हात जोडतायत की आमची लीग वाचवा. २०२६ च्या फेब्रुवारीत छोटा केलेला सीझन एकदाचा सुरू झाला. पण मी तो व्हिडिओ बघताना डोक्याला हात लावला. देशातल्या टॉपच्या लीगचे टॉपचे खेळाडू, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्यांची खुर्चीच नाही, म्हणून इन्स्टाग्राम. क्लब कोर्टात, फेडरेशन कोर्टात, कंपनी कोर्टात, आणि ज्यांच्या पायावर सगळं उभं आहे ते रील बनवतायत.

माझं म्हणणं आता येतं, आणि ते मी लीगची वकील म्हणूनच म्हणतेय, समाजसेविका म्हणून नाही. खेळाडूंची खरीखुरी, ताकदवान, वर्गणी गोळा करणारी, वकील ठेवणारी युनियन ही लीगच्या फायद्याची आहे. क्लबवाल्यांच्या मीटिंगमध्ये हे बोललं की ते चहा ढवळायला लागतात.

बघा, लीग म्हणजे काय असतं. कागदावर लीग एकाही खेळाडूची मालक नसते, मालक क्लब, पगार क्लब देतो. पण सॅलरी कॅप किती, परदेशी किती, विंडो कधी, बंदी किती, हे वरून ठरतं. म्हणजे बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारे मालक एकत्र बसून ठरवतात की कामगाराला अमुक एवढ्याच्या वर द्यायचं नाही. सिमेंटवाल्यांनी असं बसून भाव ठरवला तर कॉम्पिटिशन कमिशन दारात उभं राहील. खेळात आपण त्याला कॅप म्हणतो, ऑक्शन म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. डिसेंबर २०२५ चा आयपीएल ऑक्शन आठवा, कॅमरून ग्रीनला केकेआरने २५.२० कोटींना घेतला, पोराच्या हातात येणार १८ कोटी, कारण मिनी ऑक्शनमध्ये परदेशी खेळाडूवर कमाल मर्यादा, वरचे पैसे बोर्डाच्या खेळाडू कल्याणात. १८ कोटीवाल्यासाठी रडा असं म्हणत नाही मी. पण तो नियम कोणी कोणाशी बोलून ठरवला? बोर्डाने ठरवला. आयपीएलमध्ये खेळाडूंची युनियनच नाही.

अमेरिकेत पण हेच सगळं आहे, ड्राफ्ट म्हणजे नवीन पोरं क्लबांनी पाळीपाळीने वाटून घेणं, कॅप, ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, आपल्याहून कडक. तरी ते कोर्टात टिकतं कारण ते युनियनशी करार करून आलेलं असतं. १९९६ ची ब्राऊन विरुद्ध प्रो फुटबॉल बघा, एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या मालकांनी मिळून डेव्हलपमेंट स्क्वाडच्या, म्हणजे राखीव, पोरांचा पगार सरसकट आठवड्याला १,००० डॉलर करून टाकला, खेळाडू अँटीट्रस्ट, म्हणजे मक्तेदारीविरोधी, कायद्याखाली गेले आणि हरले. का, तर आधी युनियनशी बोलणी झाली होती, गाडी अडकली, मग मालकांनी आपला शेवटचा प्रस्ताव लावला, कोर्ट म्हणालं हा लेबर लॉचा मामला आहे, अँटीट्रस्टने यात नाक खुपसू नये. आणि याच्या उलट त्याच्या आदल्या वर्षी बेसबॉलमध्ये, संप चालू होता, १९९४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, त्यात बुडाली, मालकांनी नीट बोलणी न करता जुने नियम एकतर्फी काढून टाकले आणि ३१ मार्च १९९५ ला न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशबाईंनी त्यांना मनाई हुकूम लावला. सोनिया सोटोमेयर. आता सुप्रीम कोर्टात आहेत. मालकांनी बोलणी केली की नाही एवढ्यावर निकाल फिरतो, बाकी सगळा तपशील.

आपल्याकडे हे छत्र नाहीच. उलट आपला काँट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, त्याचं कलम २७, धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्द, इंग्लंडसारखं "वाजवी आहे का" तेही फारसं विचारायचं नाही. इंग्लंडमध्ये १९६३ ला जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्ध लढून खेळाडूला कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरही अडकवून ठेवण्याची पद्धत मोडली, वाजवी नाही म्हणून. आपल्याकडे आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची केस आहे, पर्सेप्ट डी'मार्क, २००६, मॅनेजमेंट कंपनी म्हणत होती करार संपला तरी पुढची ऑफर आधी आम्हाला दाखव, सुप्रीम कोर्टाने सांगितलं करार संपला की बंधन संपलं. आता एखाद्या खमक्या खेळाडूने उद्या उठून रिटेन्शन (खेळाडू अडवून ठेवणं), कॅप, नो-ऑब्जेक्शन (बाहेर खेळायला लागणारी परवानगी) या सगळ्यावर कलम २७ आणि कॉम्पिटिशन ॲक्ट एकत्र लावला तर मी काय बचाव करणार? समोरच्यांनी मान्य केलं होतं म्हणणार? कोण समोरचे? ती रेघ मारलेली सही? युनियनशी बसून केलेला करार असता तर मी छाती पुढे काढून उभी राहिले असते, साहेब दोन्ही बाजूंनी घासाघीस करून काढलेला सौदा आहे, कॅपच्या बदल्यात किमान पगार दिलाय, विमा दिलाय. आत्ता माझ्याकडे द्यायला काही नाही.

कागदावर संघटना आहे, भारताचा माजी कॅप्टन बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन २००६ मध्ये झाली, चांगली माणसं आहेत, थकलेल्या पगाराच्या केसेसमध्ये मदत केलीय. पण संघटना असणं आणि पगारवाढीवरून लीगला घाम फोडणं यात फरक आहे. का होत नाही ते मला माहितीय. करिअर आठ-दहा वर्षांचं, त्यातली दोन दुखापतीत, संपात घालवायला वेळ कोणाकडे. स्टारला गरज नाही, पोराला हिंमत नाही, एजंटला नकोच आहे. आणि क्लबचे मालक म्हणजे बहुतेकांसाठी देवमाणूस, आमच्या गोव्यात तर जास्तच, साळगावकर, धेंपो, खाणवाल्यांनी क्लब पोसले, पोरांना नोकऱ्या दिल्या, त्यांच्याविरुद्ध झेंडा कोण लावणार. पण देवमाणूस पण एक दिवस उठून जातो, २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अधिकृत टॉपची लीग, सोडली. धेंपो पाच वेळा नॅशनल चॅम्पियन झालेला क्लब! पोरांना पेपरात वाचून कळलं.

युनियनने काय सुटेल याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे गावच्या टुर्नामेंट. भात कापून झालं की शेतात, नाही तर चर्चसमोरच्या मैदानावर लाईट लावून सामने, रोख बक्षीस, आणि बाहेरून आणलेल्या प्लेअरला मॅचमागे रोख पैसे. लीगचं कॉन्ट्रॅक्ट म्हणतं परवानगीशिवाय खेळायचं नाही. पोरं खेळतात, दुसऱ्याच्या नावाची जर्सी घालून खेळतात, अख्ख्या गावाला माहीत असतं, आणि खेळणारच, मामाच्या गावची टीम आहे, नाही कसं म्हणणार. मग एक दिवस गुडघ्याचं लिगामेंट जातं. विमा म्हणतो मॅच मान्यताप्राप्त नव्हती. क्लब म्हणतो शिस्तभंग, कॉन्ट्रॅक्ट खलास. अशा एका प्रकरणात मी लीगच्या बाजूने बसले होते आणि कागदावर क्लब शंभर टक्के बरोबर होता. आता यावर बंदी घालून उपयोग नाही हे वाडीतल्या शेंबड्या पोराला कळतं. सीझनमध्ये इतके सामने चालतील, इतक्या दिवस आधी कळवायचं, त्यासाठी वेगळा विम्याचा हप्ता अर्धा क्लब अर्धा आयोजक, हे दोन मीटिंगांत ठरेल. पण मीटिंग कोणाबरोबर? एकेका पोराबरोबर नाही करता येत, आणि क्लबला आपणहून करायची गरज नाही.

विम्यावरून आठवलं, गोव्यात तरी कोणी दुखापतीचा क्लॉज किरकोळ समजू नये. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरू, फेडरेशन कप फायनल, धेंपोचा क्रिस्टियानो ज्युनिअर गोल मारून पडला तो उठलाच नाही. मी तेव्हा शिकत होते, सगळ्या गोव्याने टीव्हीवर बघितलं ते.

बायकांच्या फुटबॉलबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, तिथे तर कॉन्ट्रॅक्टच्या नावाने बोंब आहे. फक्त एक सांगते, फिफाने २०२१ पासून १४ आठवडे मॅटर्निटी लीव्ह ठेवलीय, दोन तृतीयांश पगारावर, आणि आपल्या देशाचा कायदा २६ आठवडे पूर्ण पगार देतो. मी हे एका मीटिंगमध्ये सांगितलं तर एकाने विचारलं, "पण मॅडम, सीझनच पाच महिन्यांचा आहे." म्हणजे कॉन्ट्रॅक्ट बारा महिन्यांचं करायचं ना राव.

असो. विंडो उघडतेय, पोरं हे वाचतायत असं मला कळलंय म्हणून थोडं कामाचं. सही केली की त्याच दिवशी पूर्ण कॉपी मागा, फोटो नाही, कॉपी. वय १८ च्या खाली असेल तर फिफाच्या नियमात तीन वर्षांच्या वरचं कॉन्ट्रॅक्ट मान्य नाही, मोठ्यांना पाच. पगार रोख घेऊ नका, बँकेतच घ्या. थकला तर व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या देऊ नका, क्लबला मेल करा, तारीख, रक्कम, पंधरा दिवस. परदेशी खेळाडूची केस फिफाकडे जाते, तुमची इथल्या फेडरेशनच्या कमिटीकडे, तिथे कागद बोलतो. आणि सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा, फार पैसे नाही घेत आम्ही. मला नका दाखवू, मी समोरच्या बाजूला आहे.